कोयनाकाठचे आमचे गाव नेमके कधी रिकामे झाले? त्याचा इतिहास कसा लिहावा?

पश्चिमकाठ:

सप्रेम नमस्कार.

आमचे मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिम काठावर, सह्याद्रीच्या मुख्य धारेला पाठ टेकून वसलेले आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या खोऱ्यात जमिनी शोधत फिरणाऱ्या दलालांना एवढे नाव पुरते, आणि आमच्यापैकी निम्म्या घरांच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचीच नावे आहेत. आजोबा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते, वडील आधी मशीद बंदरला आणि पुढे वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबले, आणि माझा जन्म व शिक्षण नवी मुंबईतले. म्हणजे मला गाव ठाऊक आहे ते मे महिन्यातले आणि चैत्रातल्या यात्रेतले. एरवीच्या दहा महिन्यांत ते कसे असे, हे मी केवळ ऐकलेले आहे.

आज गावात तीन चुली पेटतात. माणसे पाच, आणि त्यांतले सर्वांत लहान ६२ वर्षांचे. यंदा यात्रेनंतर मी दोन दिवस मागे राहिलो आणि माझ्या चुलत आजीला सोबत घेऊन सगळे गावठाण पायांखाली घातले. घाणेरीत आणि कारवीत बुडालेली धरून आम्ही ४१ जोती मोजली. काहींवर भिंतींचे दगड अजून एकावर एक उभे आहेत. एका जोत्यावर जमिनीत पुरलेले उखळ तसेच आहे, आणि त्याच्या तळाशी साचलेला पाला आजीने चालता चालता वाकून हाताने काढून टाकला, जणू दुपारी त्यात वरी सडायची होती. प्रत्येक जोत्यापाशी ती थांबायची आणि घर कोणाचे ते सांगायची. सांगण्याची तिची रीत मात्र माझ्या मनातून जात नाही. "हे डिलाईल रोडवाले", "हे कोपरखैरणेवाले", "हे सोलापूरकडे जमीन मिळाली ते", असे ती म्हणे. प्रत्येक घराची ओळख ते कोठे गेले यावरून.

या गावाचा इतिहास लिहून काढायचे मी ठरवले आहे. छापण्यासाठी नव्हे. ४१ घरांची जी मुले आज मुंबई, ठाणे आणि पुण्यात विखुरलेली आहेत, त्यांच्या हातात एक वही असावी, एवढाच हेतू आहे. परंतु पहिल्याच प्रश्नावर मी अडलो आहे. गाव कधी आणि कशाने रिकामे झाले, असे विचारले की वडील म्हणतात, धरणाने. काका म्हणतात, गिरण्यांच्या संपाने. आजी या दोन्हींना मान हलवते आणि म्हणते, शाळेला कुलूप लागले त्या वर्षी. तिघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि तिघेही त्या काळात तेथे होते. यांतले कोणाचे धरावे?

दुसरे असे की, एवढ्या लहान गावाची कागदपत्रे कोठे मिळू शकतील? आणि अशा गावाला "बेचिराख" म्हणणे योग्य ठरेल का? हा शब्द एका जुन्या नकलेत दिसला, पण तीन चुली पेटत असलेल्या गावासाठी तो लिहिताना हात थबकतो.

दप्तरदार:

नमस्कार. मी महसूल खात्यात ३४ वर्षे नोकरी केली, त्यांपैकी बराच काळ डोंगरी तालुक्यांत, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो.

आपण आज "बेचिराख" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जळून खाक झालेले शहर येते, कारण त्यात आपल्याला "राख" ऐकू येते. मूळ फारसी शब्द "बे-चिराग" आहे, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. जुन्या दप्तरात ज्या गावाची हद्द, सर्व्हे नंबर आणि आकारणी कायम आहे पण वस्ती नाही, त्या गावाला हा शब्द लावत. म्हणजे लोक गेले तरी महसुलाच्या लेखी गाव जिवंत राहते. त्याचा नकाशा असतो, गावठाण असते, सातबारे निघतात. जनगणनेत अशा गावांना निर्जन म्हणतात, आणि २०११ च्या गणनेत महाराष्ट्रात अशी सुमारे २,७०० गावे होती, तर वस्ती असलेली ४०,९५९. तुमच्या गावात तीन दिवे आहेत. तुम्ही तो शब्द वापरू नये असे माझे मत आहे.

आता कागदपत्रांविषयी. प्रथम भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन गावचा नकाशा, आकारबंद आणि जुने शेतवार पत्रक यांच्या नकला मागा. इंग्रजी अमदानीतल्या पहिल्या मोजणीच्या वेळी कोणती जमीन कोणाच्या नावावर होती, किती भाताची खाचरे होती आणि किती वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, हे त्यातून कळते. त्यानंतर तहसील कचेरीत कोतवाल बुक पाहा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी पाने मोडी लिपीत असतील. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही बुके कपाटांतून बाहेर निघाली आणि अनेक ठिकाणी त्यांच्या प्रतिमाही काढल्या गेल्या, त्यामुळे आता ती पाहणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. १९१८ च्या सालावर विशेष नजर ठेवा. इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली, पण बुकात मृत्यूचे कारण बहुधा नुसते "ताप" असेच सापडेल. एका महिन्यात एकाच घरातली चार नावे दिसली तर ती साथ समजावी. काही जोती त्याच वर्षी रिकामी झालेली असू शकतात, आणि तसे असेल तर ती धरणाच्या किंवा संपाच्या खात्यावर मांडता येणार नाहीत.

शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर सोडू नका. शाळा बंद झाली असली तरी तिचे दप्तर जवळच्या केंद्रशाळेकडे किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे गेलेले असते. कोणता मुलगा कोणत्या तारखेला नाव काढून गेला आणि "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहिलेत तर घर हलल्याची तारीख जवळजवळ नेमकी हाती येते. आजी शाळेचे नाव घेतात ते मला यासाठीही महत्त्वाचे वाटते.

आणि आता ज्यासाठी हे एवढे लिहायला बसलो ती गोष्ट. जिल्हा जनगणना पुस्तिकांत प्रत्येक गावाची लोकसंख्या पुरुष आणि स्त्रिया अशी वेगळी छापलेली असते. १९५१ ची पुस्तिका शोधताना "उत्तर सातारा" या नावाखाली शोधा, कारण तेव्हा जिल्हा विभागलेला होता, आणि पश्चिम काठची गावे आज महाबळेश्वर, जावळी व पाटण अशा तीन तालुक्यांत वाटली गेली आहेत, तेव्हा जुना तालुकाही तपासून घ्या. गणना होते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे चाकरमानी मुंबईत असताना. म्हणून ज्या गावाचे पुरुष बाहेर आहेत तेथे स्त्रियांचा आकडा पुरुषांहून मोठा दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्याचे कारण हेच. १९५१ पासून २०११ पर्यंतचे आपल्या गावाचे सात आकडे एका कागदावर मांडा. जोवर स्त्रिया अधिक आहेत आणि एकूण संख्या टिकून आहे, तोवर गाव रिकामे होत नव्हते; ते मुंबईच्या पगारावर जगत होते. ज्या दशकात एकूण संख्या घसरली आणि त्याच वेळी दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, त्या दशकात कुटुंबे उठली. तुमच्या घरातल्या तिघांच्या वादाचा निकाल बऱ्याच अंशी तो कागद देईल.

माझ्या अनुभवाप्रमाणे मूळ घाव धरणाचाच निघेल. १९६२ साली कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली तेव्हा या राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ साली आला. सुमारे शंभर गावे त्या पाण्याने बाधित झाली. ज्यांचे सर्वस्व बुडाले त्यांना सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकांचे हिशेब आजही पुरे झालेले नाहीत. ज्यांची केवळ नदीकाठची खाचरे गेली आणि घरे वर राहिली, ते ना पुरते विस्थापित ठरले ना पुरते गावकरी राहिले.

भाकरीपुरते:

मी या खोऱ्यात १९७४ साली लग्न होऊन आले आणि १९९३ साली मुलांना घेऊन कोपरखैरण्याला गेले. जी घरे "गेली" त्यांपैकी एक घर माझे आहे, म्हणून लिहिते.

दप्तरदारांनी आकड्यांची जी खूण सांगितली ती वाचून मी थक्क झाले, कारण आम्ही बायका तेच निराळ्या शब्दांत म्हणत असू. पुरुष गेला तर माणूस गेला, चूल गेली तर घर गेले. माझे सासरे, त्यांचे वडील, चुलते, सगळे मुंबईला होते. गावकीची एक खोली होती भायखळ्याजवळ, तिच्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. तेथे बायको-मुलांना नेण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे, जागाच नव्हती. त्यामुळे मुंबईने माणसे घेतली पण घरे घेतली नाहीत. उलट मनीऑर्डरींनी कौले चढली, बैल आले, देवळाचा कळस झाला. जे लोक सरसकट म्हणतात की मुंबईने गावे ओस पाडली, त्यांना मला सांगावेसे वाटते की कितीतरी वर्षे मुंबईनेच ती उभी ठेवली होती.

तरीही धरणाला मी लहान करत नाही. नदीकाठची खाचरे म्हणजे आमचा भात होता. ती गेल्यावर उरली ती उताराची नाचणी आणि वरी. पूर्वी बायका बाजाराला चालत जात, नदीला उतार होता, ती पायी ओलांडता येई. मी आले तेव्हा लाँच होती, आणि पावसाळ्यात वारे सुटले की ती बंद. मृग लागण्याआधी आगोटीची बेगमी करून ठेवायची, मीठ, मिरची, रॉकेल, सुकी मासळी, आणि मग दिवाळीपर्यंत जे घरात आहे त्यावर भागवायचे. माझ्या थोरल्या जावेला दिवस भरल्यावर ऐन आषाढात झोळीतून घाट चढवून खाली कोकणात न्यावे लागले होते, कारण पाण्याची वाट बंद होती. ती वाचली, मूल वाचले नाही. त्या रात्री जे चार पुरुष झोळीला खांदा द्यायला गावात होते, तसे चार पुरुष १९९३ मध्ये गावात उरले नव्हते. मी मुलांना घेऊन गेले त्याचे खरे कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या वहीत अवश्य यावी, कारण ती कोणत्याच कागदावर सापडणार नाही. शेती ही एकेका घराची नसते. लावणीला, बेणणीला, मळणीला आम्ही पैरा करत असू. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. नाचणी निसवली की रात्री राखणीला बसावे लागते. डुकरे आणि गवे एकदा शिरले की सकाळी काही उरत नाही. चाळीस घरे असताना सगळा उतार लागवडीखाली असे आणि दहा-बारा माळ्यांवरून रात्रभर हाका-आरोळ्या चालत, त्यामुळे एका घरावर भार पडत नसे. दहा घरे उठली की त्यांच्या वावरात रान वाढते, जनावर त्या रानात मुक्काम करते आणि शेजारच्या उभ्या पिकात उतरते. मग शेजारी शेत सोडतो. त्याला शेत सोडायचे नसते, पण एकट्याने राखण होत नाही. पहिली दहा घरे आपल्या इच्छेने गेली असतील. पुढच्या वीस घरांना गेलेल्यांनी नेले. हे मी कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. मीही त्या वीसांतलीच आहे.

शाळेविषयी तुमच्या आजी खरे बोलतात. चौथीपर्यंतची शाळा गावात होती, पुढे पाचवीला पाण्यापलीकडे जायचे. २०२२ च्या जानेवारीत याच पाण्याकाठच्या खिरखंडी गावाच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात ही बातमी आली आणि उच्च न्यायालयाने आपणहून त्याची दखल घेतली, तेव्हा शहरातल्या लोकांना नवल वाटले. आम्हांला त्यात नवे काही नव्हते. मुलगा चौथी पास झाला की त्याला मुंबईला चुलत्याकडे पाठवायचे आणि वर्षभराने आईने मागोमाग जायचे, असा तो क्रम होता. शेवटी पट दोनवर आला आणि शाळाच गेली.

सडा-कातळ:

मी या भागात गेली पंधरा वर्षे वनस्पतींच्या अभ्यासासाठी फिरतो. वरच्या दोन्ही उत्तरांनंतर माझ्याजवळ जोडण्यासारखे थोडेच आहे, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो.

आपण सगळे असे धरून चाललो आहोत की हे गाव मुळातच टोकाला, आडबाजूला होते. नकाशावर आज तसे दिसते खरे, कारण आपण ते सातारा किंवा महाबळेश्वरकडून पाहतो आणि मध्ये पाणी येते. पाणी येण्यापूर्वी ही गावे वाटेवर होती. धारेवरून खाली खेड आणि चिपळूणकडे उतरणाऱ्या कितीतरी घाटवाटा या खोऱ्यातून जात. मीठ आणि मासळी वर येई, धान्य, हिरडा, तूप खाली जाई. चकदेवच्या सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, खेड तालुक्यातल्या आंबिवलीकडे उतरणारी शिडीची वाट अनेकांना ठाऊक असेल. तशा वाटांनी सोयरीकही होत असे. जावळीच्या मोऱ्यांचे बळ या घाटांच्या पहाऱ्यात आणि जकातीत होते, आणि १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्यामागे कोकणात उतरण्याच्या वाटा हातात घेणे हे एक मोठे कारण होते. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीचे नावच मेट इंदवली आहे. मेट म्हणजे किल्ल्याखालची पहाऱ्याची जागा. १८१८ नंतर किल्ल्यांचे पहारे संपले, पुढे गाडीरस्ते झाले ते मोजक्या घाटांतून, आणि पायवाटा मागे पडल्या. त्यानंतर पूर्वेकडची वाट पाण्याखाली गेली. म्हणजे गाव आडबाजूला पडले ते दोन टप्प्यांत, आधी पश्चिमेकडून आणि मग पूर्वेकडून. तुमच्या इतिहासाची सुरुवात १९६२ पासून न करता या वाटांपासून करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आजीला विचारा की तिची आजी कोणत्या गावची होती. उत्तर कोकणातले आले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

चौथे कारण जंगलाचे. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० साली ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. तुमचे गाव अभयारण्याच्या हद्दीत येते की बाहेर, हे आधी नीट पाहून घ्या. हद्दीच्या आतल्या गावांचा प्रश्न स्थलांतराचा असतो. व्याघ्र प्रकल्पांतल्या स्थलांतरित कुटुंबांसाठीची रक्कम आधी दहा लाख होती, ती २०२१ साली पंधरा लाख करण्यात आली. हद्दीबाहेरच्या गावांना हे लागू होत नाही, परंतु जनावरे हद्द मानत नाहीत. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेला करता येतो, आणि ज्या गावात पाच माणसे राहतात तेथे ग्रामसभा भरवायची कशी, हा प्रश्न मला दरवेळी अस्वस्थ करतो.

जोत्यांचे मोजमाप करताना झाडांची नोंद जरूर घ्या. सदाहरित जंगलात अचानक चिंच, फणस, रायवळ आंबा आणि देवचाफा एका जागी दिसले की तेथे माणूस राहत होता हे न सांगता कळते. भिंती पडतील, गवत वाढेल, ही झाडे मात्र आणखी साठ-सत्तर वर्षे तेथेच असतील. सोडलेली खाचरे कुरणे होतात आणि तेथे संध्याकाळी गवे उतरतात. अभ्यासक म्हणून मला त्या कुरणांचे मोल कळते, आणि तरी ज्या बांधावर गवा उभा असतो तो बांध कोणीतरी दगडावर दगड ठेवून रचलेला आहे, हे मी विसरू शकत नाही.

पश्चिमकाठ:

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेल्या गोष्टींपैकी काही करूनच लिहावे असे वाटले.

जनगणनेचे आकडे मिळाले. १९५१ आणि १९६१ मध्ये एकूण संख्येत फारसा फरक नाही आणि स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक आहेत. १९७१ मध्ये पहिली घसरण दिसते. नदीकाठच्या वाडीतली सात घरे सोलापूरकडे गेली ती हीच असावीत. त्यानंतर जे दिसले त्याची मला कल्पना नव्हती. १९८१ च्या तुलनेत १९९१ मध्ये पुरुषांचा आकडा वाढला आहे. काकांना तो कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि वर्ष उलटल्यावर गिरणीतली माणसे एकेक करून गावी परतली. काका म्हणाले की त्या दोन-तीन वर्षांत गावात जितकी लावणी झाली तितकी त्यांनी आधी किंवा नंतर कधीच पाहिली नाही, पडीक वावरेही नांगरली गेली. म्हणजे ज्या संपाने गाव मोडले असे ते इतकी वर्षे सांगत होते, त्याने प्रथम गाव भरले होते. परतलेले वडीलधारे गावातच राहिले, पण त्यांच्या मुलांनी मात्र गिरणीचे नाव काढले नाही. ती माथाडीत गेली, नवी मुंबईत लहान का होईना स्वतःची खोली झाली, आणि भाकरीपुरते यांनी लिहिले आहे त्याप्रमाणे चूल हलली. २००१ मध्ये एकूण आकडा निम्म्याहून खाली आला आहे. स्त्री-पुरुषांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. २०११ मध्ये १९ माणसे.

तेव्हा वडील, काका आणि आजी यांच्यापैकी कोणालाही चूक ठरवण्याची वेळ माझ्यावर आली नाही. तिघांनी तीन निरनिराळ्या वेळी आपापल्या शेजाऱ्यांना निरोप दिला होता, आणि प्रत्येकाने स्वतः दिलेला निरोप लक्षात ठेवला. वहीत मी गाव रिकामे झाल्याची एक तारीख देणार नाही. ४१ जोत्यांना क्रमांक देऊन प्रत्येकाची वेगळी तारीख आणि वेगळे कारण लिहीन. आजवर २६ जोत्यांचे लिहून झाले आहे. त्यांतली दोन १९१८ ची निघाली.

आजीची आजी खेड तालुक्यातली होती. ती शिडीच्या वाटेने वरात घेऊन आली होती असे आजीने ऐकले आहे.

एक अडचण उरली आहे. बुडालेल्या खाचरांविषयी माझ्याकडे काहीच नाही. ती कसलेले गावात आता कोणी नाही. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली होती आणि तिला काही शेतांची केवळ नावे आठवतात, जागा सांगता येत नाहीत.

दप्तरदार:

१९९१ च्या आकड्याविषयी वाचून समाधान वाटले, आणि धरणाविषयीचे माझे विधान मी घाईने केले होते हेही मान्य करतो. धरणाने वाट तोडली; माणसे त्यानंतरही तीस वर्षे टिकून होती.

खाचरांसाठी एक करून पाहा. सातबाऱ्याच्या माथ्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा रकाना असतो. हल्लीच्या संगणकीय उताऱ्यांत तो बहुधा कोरा येतो, म्हणून लोकांचे त्याकडे लक्ष जात नाही. हस्तलिखित सातबाऱ्यांत तलाठी तो भरत असत. बुडीत क्षेत्र संपादित झाले तेव्हाचे फेरफार काढा, त्यांतून बुडालेले सर्व्हे नंबर मिळतील, आणि मग त्या नंबरांचे जुने हस्तलिखित उतारे अभिलेख कक्षात मागा. नकाशावर त्या नंबरांच्या जागा आहेतच, त्या पाण्याने पुसलेल्या नाहीत. जाताना आजींनी सांगितलेली नावे एका कागदावर लिहून सोबत न्या.

पश्चिमकाठ:

काल अभिलेख कक्षात गेलो होतो. आजीने मला नऊ नावे दिली होती: मोरी, टाकाचे, पाणथळ, देवाची पट्टी, सावरीखालचे, दगडवणी, लांबोळी, म्हातारीचे आणि जांभळाचा कोंड. यांपैकी सहा उताऱ्यांवर मिळाली. "म्हातारीचे" या नावापुढे तलाठ्याने शाईने लिहून पुन्हा खोडले आहे, पण वाचता येते. गावच्या नकाशाच्या नकलेवर मी ती सहा शेते पेन्सिलीने रंगवली आणि रात्री फोनवर आजीला एकेक नंबर कोठे पडतो ते सांगितले. लांबोळी नदीच्या वळणाला होती, देवाची पट्टी उताराच्या वाटेशेजारी. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली की पाणी कमी होते त्या मे महिन्यात लाँचच्या धक्क्यावरून डाव्या हाताला एक बांध वर येतो, तो लांबोळीचा असेल. उरलेली तीन नावे घेऊन मी पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.